हरणांच्या शेतातली भाजावळ

नवऱ्याच्या पत्रात एक वाक्य होतं, ‘मी इथे हरणांसाठी शेत करतो.’ ते वाचून मला वाटलं, चेष्टा चालली आहे. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत आम्ही एका छपराखाली घालवलेले दिवस एकत्र केले असते तर चार महिनेही भरले नसते. हा माणूस चेष्टा कधी करतो आणि खरं कधी लिहितो, हे ओळखण्याइतकी आमची ओळखच झाली नव्हती.

पण हरणांसाठी शेत? मी रत्नागिरीच्या खाडीकाठची शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे भात पोटरीला आलं की वडील शेतात मचाण बांधून बसायचे. रानडुक्कर आलं, भेकर आलं, की पत्र्याचे डबे बडवायचे, बोंब मारायची, दगड भिरकवायचे. रानातलं जनावर म्हणजे तोंडचा घास पळवणारा चोर, एवढंच मला ठाऊक. आणि इथे माझा नवरा समुद्र ओलांडून गेला तो त्याच चोरांना पोसायला! मी ते पत्र सासूला वाचून दाखवलं तेव्हा ते वाक्य गाळून वाचलं. म्हातारीला धक्का नको.

ही गोष्ट साठच्या दशकातली. तेव्हा एमिरात हे नावसुद्धा नव्हतं. खोर फक्कानला आज बोटींवर मालाच्या लोखंडी डब्यांच्या राशी दिसतात. तेव्हा तिथे कोळ्यांची वस्ती होती, वाळत घातलेल्या मासळीचा वास होता, खजुरीच्या बागा होत्या आणि पाठीशी उघडे काळे डोंगर. त्या डोंगरांच्या पायथ्याशी, एका कोरड्या ओढ्याच्या काठावर, आमच्या अरबाबची झाडी होती. अरबाब म्हणजे मालक. तिकडे आपली सगळी माणसं मालकाला अरबाबच म्हणत. झाडी म्हणजे काही अरण्य नव्हे. तीस-पस्तीस झाडं. थोडी बोरीची, थोडी बदामाची, आणि मधोमध गाफची मोठाली झाडं. गाफ म्हणजे आपल्याकडची शमी, हे मला फार पुढे कळलं. झाडीच्या पोटात आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या अंगणाएवढा तुकडा मोकळा होता आणि त्यात लसूणघास पेरलेला असे. डोंगरातून येणारा दगडी पाट, त्याला तिकडे फलज म्हणतात, त्याला पाणी देई. उन्हाळ्यात डोंगर वाळले की हरणं खाली उतरत आणि तो घास खात.

अरबाबने तरुणपणी स्वतःच पुष्कळ हरणं मारली होती. मग गाड्या आल्या, बंदुका आल्या, लोक गाडीत बसून कळपच्या कळप मारू लागले, आणि म्हाताऱ्याचं मन फिरलं. उरलेली चार जनावरं तरी जगू देत म्हणून त्याने हे शेत काढलं. गावातले लोक त्याला हसत. मीही हसले असते, पण माझं इथे राहणं त्या शेतावर टांगलेलं होतं, त्यामुळे हसायची सोय नव्हती.

तेच तर पुढच्या पत्रात होतं. ‘अरबाबने तुला आणायला परवानगी दिली आहे. पण अट आहे. उन्हाळा लागायच्या आत शेत पूर्ण हिरवं दिसलं पाहिजे. तू शेतकऱ्याची मुलगी, तुझ्या भरवशावर हो म्हणाला आहे. जमलं नाही तर पहिल्या लाँचने तुला परत जावं लागेल.’

मी ते पत्र किती वेळा वाचलं असेल! आमच्या मोहल्ल्यात ओळीने सहा घरं अशी होती की ज्यांचे पुरुष आफ्रिकेत, नाहीतर आखातात. सहाही घरांतल्या बायका दुपारी दारात बसून पोस्टमनची वाट बघत. त्यातली एक माझ्या आईच्या वयाची होती. नवरा वर्षा-दोन वर्षांनी एकदा यायचा, महिना-दीड महिना राहायचा, आणि तिच्या मुलांना बाप आला की पाहुणा आला असं वाटायचं. मला तिच्यासारखं व्हायचं नव्हतं. मला नवऱ्याबरोबर राहायचं होतं, एवढी साधी गोष्ट. त्यासाठी हरणं पोसायची तर हरणं पोसू.

मुंबईहून आगबोट, दुबईहून लाँच. लाँचवर तीन दिवस पोटात काही ठरलं नाही. किनाऱ्यावर उतरले तेव्हा हे उभे होते, दाढी राखलेली, डोक्याला रुमाल. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं, पण हसू यायला अंमळ वेळ लागला. मी आपली समजूत घातली, उन्हाने डोळे बारीक झाले असतील.

झावळ्यांचं घर झाडीच्या काठालाच होतं. आत एक चटई, एक कंदील, फळीवर दोन भांडी. माझी पत्र्याची ट्रंक त्यांनी माळ्यावर ठेवली आणि लगेच म्हणाले, “चल, शेत दाखवतो.”

शेत बघितलं. घास दिसतच नव्हता. सगळ्यावर पानं. बदामाची पानं, जेवायच्या ताटाएवढी, लाल, पिवळी, तपकिरी, एकावर एक. खाली गाफची जिऱ्यासारखी बारीक पानं, ती तर मातीतच मिसळलेली. थंडी सरताना बदाम आपला सगळा पाला टाकून देतो आणि तो नेमका पडतो कोवळ्या घासावर. मी वाकून एक पान उचललं. खालची रोपं पांढरीफटक, उन्हाचं तोंड न पाहिलेली.

“हे कधीपासून असं?”

“रोज पडतात. रोज काढायची. बुंध्याशी नेऊन टाकायची.”

“खराटा?”

“खराट्याने रोपं उपटतात. हाताने.”

हाताने! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आमच्याकडे पातेरा गोळा करायला बायका डोक्यावर मोठाल्या टोपल्यांसारखे झाप घेऊन जातात आणि दुपारच्या आत अख्खा डोंगर झाडून आणतात. इथे एकेक पान चिमटीत धरून उचलायचं, जसं काही तांदूळ निवडतोय. पण दुसऱ्या दिवसापासून मी बसले. हे पहाटे अरबाबच्या खजुरीच्या बागेत जात, दुपारी परत येत. तोवर मी, पानं आणि पाटाचं पाणी. सकाळी तुकडा साफ करावा आणि दुपारी पाहावं तर पुन्हा लाल. त्या बदामांना मी मनसोक्त शिव्या घातल्या आहेत. तिथे माझी भाषा कळणारं कुणी नव्हतं, ही त्या जागेची एकच सोय.

गोळा केलेली पानं मी सांगितल्याप्रमाणे गाफच्या बुंध्यांशी टाकत होते. महिनाभरात तिथे कमरेएवढे ढीग झाले. ते तिथेच का टाकायचे, बाहेर का न्यायचे नाहीत, हे मी एकदा विचारलं.

“अरबाब म्हणतो,” हे म्हणाले. बस्स. विषय संपला.

आता मी दुबईत, अल कुसैसला, मुलीच्या फ्लॅटमध्ये असते. नातीला ही गोष्ट सांगायला घेतली की ती इथेच अडवते. “नानी, व्हाय डिडन्ट यू जस्ट आस्क द अरबाब?” तिला कसं सांगू? अरबाब महिन्यातून एकदा काठी टेकत यायचा, तेव्हा मी घरात असायची. परका पुरुष, त्यातून मालक. तो काय म्हणाला ते मला यांच्याकडून कळायचं आणि मी काय म्हणाले ते, कळलंच तर, त्याला यांच्याकडूनच. दोन माणसांमध्ये एक माणूस भिंतीसारखा उभा. पण ती भिंत आहे असं मला तेव्हा कुठे वाटत होतं! तो माझा नवरा होता.

हळूहळू शेत सुधारलं. दोन भाग घास वर आला, हिरवागार. तिसरा भाग, डोंगराकडचा कोपरा, काही केल्या धरेना. तिथे पिवळं, मधे मधे उघडी जमीन. मी दोनदा नव्याने पेरलं. उगवून यायचं आणि मरायचं. ऊन तापू लागलं तशी माझी झोप उडाली. हे रोज दुपारी येऊन त्या कोपऱ्याकडे बघत आणि म्हणत, “होईल इन्शाल्ला.” पण तोंड असं करत की होणार नाही हे मला कळावं.

एक दिवस म्हणाले, “शुक्रवारनंतर अरबाब येणार आहे शेत बघायला.”

“मग?”

“मग काय? बघेल. त्याची अट तुला माहीत आहे.”

शुक्रवारला पाच दिवस होते. पाच दिवसांत घास उगवत नाही. पण कोपरा नव्याने नीट भाजून, पेरून, ओला करून ठेवलेला दिसला तर शेतकरणीने काही केलंय हे तरी म्हाताऱ्याला दिसेल. तो मुदत देईल. आणि जमीन सुधारायची कशी, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे मृग लागायच्या आधी भाजावळ करतात. जिथे रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, वाळका पाला, काटक्या असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि धुमसत ठेवायचं. जमीन भाजते, तण मरतं, राख मुरते. त्यावरचं रोप असं जोमदार येतं की डोळे निवतात. माझ्या वडिलांची भाजावळ बघायला शेजारच्या वाडीतली माणसं येत. आणि इथे तर पाल्याचा खजिना बुंध्याशी पडून सडत होता! मला इतके दिवस हे सुचलं कसं नाही, म्हणून मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

यांना नव्या पेरणीसाठी जमीन करतेय एवढंच सांगितलं, भाजावळीचं नाही. म्हटलं, करून दाखवू.

चार दिवस मी ढिगांतला पाला उपसून कोपऱ्यात नेला. शेळ्यांच्या लेंड्या पसरल्या. काटक्या घातल्या. वर माती. शुक्रवारी सकाळी हे बागेतलं काम आटोपून तिथूनच जुम्म्याच्या नमाजला जाणार होते. मी वाऱ्याचा अंदाज घेतला. डोंगराकडून समुद्राकडे मंद वाहत होता. म्हणजे समुद्राच्या बाजूने पेटवायचं, आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते. सगळं वडिलांसारखं केलं. बिस्मिल्ला म्हटलं आणि काडी लावली.

धूर उठला. तो वास! पाच मिनिटं मी खाडीकाठी होते, आईच्या हाकेच्या टप्प्यात. मला रडू आलं, आनंदाने. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिथे माझ्या ओळखीचं काहीतरी घडत होतं.

पण भाजावळ एकट्याने कुणी करत नाही. आमच्याकडे त्या दिवशी चार घरची माणसं ओल्या फांद्या घेऊन भोवती उभी असतात. गप्पा मारतात, चहा पितात, आणि ठिणगी उडाली की झोडपतात. लहानपणापासून मी त्यांना बघत आले होते आणि मला वाटायचं, ही माणसं मजा बघायला येतात. ती कशाला येतात हे मला त्या दिवशी कळलं.

ऊन चढलं, डोंगर तापले, आणि वारा फिरला. समुद्राकडून सणसणत आत आला. खाडीकाठच्या मुलीला हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवेल तर ना. धुमसणारा पाला भडकला, एक जळतं बदामाचं पान उचललं गेलं, आणि मी बघत असताना ते सावकाश, अगदी सावकाश, मोठ्या गाफखालच्या ढिगावर जाऊन बसलं.

ढीग पेटला. वाळक्या बदामाच्या पानांचा आवाज होतो, तडतड, तडतड, कढईत पापड टाकल्यासारखा. मी डबा घेऊन पाटाकडे धावले, पाणी ओतलं, परत धावले. डब्याभर पाण्याने काय होणार? तिसऱ्या खेपेला मान वर केली तर समोर हरीण उभं होतं.

दिवसाढवळ्या, वीस पावलांवर. एवढ्या महिन्यांत मी त्यांच्या खुरांच्या खुणाच पाहिल्या होत्या. मादी होती. आग बघून रानचं जनावर पळतं, ही पळत नव्हती. पुढचा पाय जमिनीवर आपटत होती, दोन पावलं आगीकडे यायची, दोन मागे जायची. मला वाटलं, वेडं झालंय. आणि मग मला समजलं. तिचं पिल्लू त्या पानांत होतं.

आई चरायला जाते तेव्हा पिल्लाला पाल्यात बसवून जाते. ते हलत नाही. आग आली तरी हलत नाही, कारण आईने हलू नको असं शिकवलेलं असतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त त्या ढिगात हात घातले. ज्या बाजूला अजून नुसता धूर होता त्या बाजूने, कोपरापर्यंत. वरची पानं गार वाटत होती, आत निखारे होते. हाताला काहीतरी मऊ लागलं, थरथरणारं. ते मी ओढून बाहेर काढलं. मांजराएवढं. एका कानाचं टोक जळलं होतं. डोळे सताड उघडे आणि तोंडातून चकार शब्द नाही. मी ते पाटाच्या बांधावर ठेवलं आणि तिथेच बसले.

धूर बघून हे आले, बागेतली तीन-चार माणसं घेऊन. त्यांनी पाट फोडून पाणी झाडीत वळवलं, ओल्या झावळ्यांनी झोडपलं. तासाभरात आग विझली. गाफ एका बाजूने फांद्यांपर्यंत काळा झाला होता. शेताचा कोपरा काळा, आणि हिरवे दोन भागही पायांनी तुडवलेले, राखेने माखलेले. बांधावर पाहिलं तर पिल्लू नव्हतं. आईने नेलं की कोल्ह्याने, मला आजही माहीत नाही.

मला वाटलं होतं, हे ओरडतील. मी तयार होते. हे ओरडले नाहीत. सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, “खलास.” माझ्या हातांना तूप लावलं, स्वच्छ फडकं फाडून पट्ट्या बांधल्या. मग उठले आणि माळ्यावरून माझी ट्रंक खाली काढली.

हात भाजले तेव्हा एवढं भाजलं नव्हतं.

“हे काय?”

“अरबाबची अट,” हे माझ्याकडे न बघता म्हणाले. “मी काय करणार? सोमवारी लाँच आहे.”

दुपारी अरबाब आला. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. मी झावळ्यांच्या फटीतून बघत होते. म्हातारा सरळ गाफपाशी गेला, काळ्या बुंध्यावर तळवा टेकला आणि तसाच उभा राहिला. हे त्याच्यासमोर खाली मान घालून. अरबीत काहीतरी बोलणं झालं. म्हाताऱ्याचा आवाज चढला, एकदाच. मला एक अक्षर कळलं नाही. पण मनात म्हटलं, हाच तो क्षण, आता माझं ठरतंय, आणि मी भिंतीआड बसून बघतेय. माझंच ठरतंय ना? मग मी इथे काय करतेय?

मी पदर ओढून घेतला आणि बाहेर पडले. यांनी मला बघितलं आणि चेहराच उतरला. “आत जा,” म्हणाले. मी गेले नाही.

अरबाब जुन्या काळी मोती विकायला मुंबईला जायचा, त्यामुळे बाजारात चालते तेवढी हिंदी त्याला येत होती, हे यांच्याच एका पत्रात होतं. मी ते धरून ठेवलं होतं. मी माझ्या हिंदीत, म्हणजे निम्म्या मराठीत, म्हटलं, “अरबाब, आग मैंने लगाया. इनका कुछ कसूर नहीं. मेरे गाँव में ऐसा जलाके जमीन अच्छा करते हैं. मेरेको मालूम नहीं था अंदर बच्चा रहता है. आप जो सजा देंगे दो. लेकिन मेरेको वापस मत भेजो. अगले साल पूरा हरा करके दिखाती हूँ. आपका शर्त मैं पूरा करेगी.”

म्हातारा माझ्या पट्ट्यांकडे बघत होता. मग म्हणाला, “कौनसा शर्त?”

“हरा नहीं हुआ तो मेरेको वापस भेजेंगे, वो.”

त्याने यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग होता तो गेला आणि तिथे नुसतं आश्चर्य आलं. “मैं बोला? मैं कब बोला? मैं एक बात बोला तुम्हारे आदमी को, पत्ता जलाना नहीं, पत्ते में बच्चा सोता है. बस. घास के वास्ते किसी का औरत वापस भेजता है क्या कोई?”

मी यांच्याकडे वळले नाही. वळायची हिंमत नव्हती. मी जमिनीकडे बघत होते. ओल्या राखेत माझ्याच पायांचे ठसे होते. जे सांगायला हवं होतं ते या माणसाने मला सांगितलं नव्हतं, आणि जे कुणी बोललंच नव्हतं ते आगबोटीवर चढण्याआधीच पत्राने कळवलं होतं. अरबाब पुढे काहीतरी म्हणत होता, गाफ मरत नाही, मुळं फार खोल असतात, असं काहीतरी. जाताना यांना अरबीत दोन शब्द बोलला. ते कोणते, हे मी कधीच विचारलं नाही.

संध्याकाळी यांनी भात आणि सुक्या मासळीचं कालवण केलं. माझे हात बांधलेले. ट्रंक अजून मधोमध पडलेली, आम्ही दोघं दोन बाजूंना.

“का?” मी विचारलं.

“पाच वर्षं एकटा राहिलो गो,” हे म्हणाले. “तू येणार म्हटल्यावर मला धडकीच भरली. तुला मी आवडलो नाही तर? मला तुझ्यासोबत राहायला जमलं नाही तर? तोंडावर परत जा कसं म्हणणार? गावात तुझं नाव खराब होईल, माझं होईल. म्हटलं, अरबाबचं नाव पुढे केलं की कुणाला काही बोलायला नको.”

“म्हणजे मी यायच्या आधीच तुम्ही माझं जाणं ठरवून ठेवलं होतं.”

“ठरवलं नव्हतं. एक वाट ठेवली होती.”

“कुणासाठी?”

मला वाटलं, म्हणतील, तुझ्यासाठी. पुरुष तसंच म्हणतात आणि मी त्यावर भांडायला पदर खोचून बसले होते. हे माझ्या पट्ट्यांकडे बघत म्हणाले, “माझ्यासाठी.”

खोट्याशी भांडता येतं. खरं असं समोर आणून ठेवलं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. रोज ज्याचा धुतलेला सदरा वाळत घातला, ज्याच्या पायरवाची दुपारी वाट बघितली, ज्याच्याजवळ राहायला मिळावं म्हणून हजारो पानं चिमटीने उचलली, त्याला मी तेव्हा पहिल्यांदा बघत होते. दाढीत दोन-तीन पांढरे केस होते. नखांत काळं. माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला माणूस.

त्यांनी ताट पुढे ओढलं, भात कालवला आणि घास माझ्या तोंडासमोर धरला. मला स्वतःच्या हाताने जेवता येणार नव्हतं. मी तोंड मिटून बसले. त्यांनी हात खाली घेतला नाही. कालवण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी हात तिथेच होता. मी सकाळपासून उपाशी होते. शेवटी मी तोंड उघडलं. रागाने चावून, रडत, मी तो सगळा भात खाल्ला, आणि ताट रिकामं झाल्यावर म्हटलं, “आधी ती ट्रंक वर ठेवा.”

ते उठले.